अनुराधेच्या डावीकडचा तारा

लाईट गेलेली आहे. मे संपत आलाय, रात्रीचे बारा वाजून गेलेत आणि आकाशात चंद्र नाही. चकलांब्यातल्या एका घराच्या गच्चीवर तुम्ही सतरंजी टाकून पडला आहात. दिवसभर तापलेला स्लॅब पाठीला अजून ऊब देतो. खाली गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटी मधूनच वाजते. गल्लीतल्या बाजांवर माणसं झोपलीत. कारखान्यांचे पट्टे संपवून उसतोडीच्या टोळ्या गावात परतल्या आहेत आणि आता साऱ्यांचं लक्ष मृगाकडे लागलंय.

तिवईवर एक छोटी दुर्बीण आहे, ६० मिलिमीटर भिंगाची. शेजारी वही आणि पेन्सिल.

दक्षिणेकडे तोंड करा. तो मोठा, वळलेल्या नांगीचा विंचू कुणी दाखवायची गरज नाही. त्याच्या छातीत तांबूस ज्येष्ठा. तिच्या उजवीकडे, जरा वर, तीन ताऱ्यांची उभी ओळ म्हणजे अनुराधा. त्या तिघांतला सगळ्यात वरचा तारा धरा आणि तिथून डावीकडे तीन चंद्र मावतील एवढं सरका. तिथे एक मंद तारा आहे. ग्रीक अक्षरांच्या हिशेबात त्याचं नाव ‘न्यू’, अरबांकडून आलेलं नाव जब्बाह. पुण्यात किंवा मुंबईत तो शोधावा लागतो. इथे तो सहज दिसतो आणि एकटा दिसतो.

वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत जगातल्या जोडताऱ्यांची सूची सांभाळली जाते. दीड लाखाहून जास्त जोड्या तिच्यात आहेत. या ताऱ्याचा त्या सूचीतला पत्ता १६१२०-१९२८ असा आहे. पहिले पाच आकडे म्हणजे विषुवांश, १६ तास १२.० मिनिटं. पुढचे चार म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १९ अंश २८ कला. पत्त्यापुढे एकेका जोडीची एकेक ओळ: कुणी शोधली, पहिल्यांदा कधी मोजली, शेवटची कधी मोजली, किती वेळा मोजली, कोन किती, अंतर किती. मला या ओळी गावच्या सातबाऱ्यासारख्या वाटतात. जमीन तीच राहते, तिच्यावर नोंद करणारे हात मात्र बदलत जातात.

त्या हातांना भेटायला आपण निघालोय. डोळे मिटा आणि शंभराहून अधिक वर्षं मागे या.

उघडलेत? स्लॅब गेला, आता पाठीखाली मातीचं माळवद आहे. विजेचे खांब नाहीत, पण आकाश तेच आहे. ही मोगलाई आहे. १७६३ साली याच गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला, गोदावरीच्या काठी, थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. तरी हा मुलूख पुढे हैदराबाद संस्थानातच राहिला, थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. म्हणून इथल्या माणसाची मोठ्या कामाची वाट पुण्याकडे जात नाही, ती हैदराबादकडे जाते. तुम्हालाही तिकडेच जायचंय. बैलगाडीनं गोदावरीपर्यंत, नावेनं पलीकडे, तिथून जालना, आणि जालन्याहून छोट्या रुळांची गाडी. परभणी, नांदेड, निजामाबाद करत ती सिकंदराबादला पोचते. डोळ्यांत कोळशाची बारीक कचकच घेऊनच तुम्ही उतरता.

बेगमपेठ त्या वेळी शहराबाहेरचा मोकळा माळ आहे. तिथे निजामिया वेधशाळा उभी आहे. ती सुरू केली नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये, आकाशाच्या आवडीपोटी आणि स्वतःच्या पैशानं. इंग्लंडहून मोठ्या दुर्बिणी मागवल्या. ते वारल्यावर १९०८ मध्ये संस्थान सरकारनं ती चालवायला घेतली. आज आत संचालक म्हणून पोकॉक आहेत, १९१८ पासून त्यांच्या जागी टी. पी. भास्करन येतील. पण तुम्ही साहेबांच्या खोलीत थांबू नका. मागच्या टेबलाशी चला.

टेबलावर काचेची पट्टी आहे. छायाचित्राची उलटी प्रत असल्यानं आकाश पांढरट आणि तारे काळे. पट्टीवर बारीक रेघांची चौकटच चौकट छापलेली. एक सहायक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काळ्या ठिपक्याचं चौकटीतलं स्थान वाचतो, दुसरा ते आकडे वहीत उतरवतो. वाचतो, उतरवतो. पुढचा ठिपका. दुपारभर या खोलीत आकड्यांशिवाय दुसरा शब्द नाही.

१८८७ मध्ये पॅरिसला ठरलं होतं की साऱ्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करायचा आणि त्यातल्या ताऱ्यांची सूची बनवायची. आकाशाचे पट्टे पाडून ते जगभरच्या वेधशाळांना वाटून दिले. दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा चिलेतल्या सान्तियागोकडे होता. तिथे तो पुरा झाला नाही आणि हैदराबादनं अंगावर घेतला. पुढे पॉट्सडॅमनं सोडलेला उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचा पट्टाही घेतला. साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थानं या टेबलावरून गेली.

पत्ता आठवा: दक्षिण १९ अंश २८ कला. अनुराधेच्या डावीकडचा आपला तारा बरोबर त्या पट्ट्यात बसतो. चकलांब्याच्या गच्चीवरून हा पट्टा दक्षिण क्षितिजापासून साधारण ४८ ते ५४ अंशांवरून सरकतो. म्हणजे मोगलाईतला शेतकरी रात्री दाऱ्यावर पाणी बघायला उठला आणि त्यानं दक्षिणेला मान वर केली, की त्याला दिसणारं आकाश त्याच्याच संस्थानाच्या राजधानीत काचेवर उतरत होतं. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ नकाशाच बघत बसलो. मराठवाड्याच्या इतिहासात आपण मोगलाईचा सारा, जुलूम, रझाकार आणि मुक्तिसंग्राम शिकतो आणि ते शिकायलाच हवं. पण त्याच संस्थानात, त्याच वर्षांत, कुणीतरी आपल्या डोक्यावरच्या आकाशाचा एकेक ठिपका मोजला, तेही मुलांना सांगायला हवं.

सहायकाच्या खांद्यावरून वाका. या नकाशाच्या मोजपट्टीत १ मिलिमीटर म्हणजे आकाशातली १ कला. न्यूचे दोन मुख्य घटक एकमेकांपासून ४१ विकला लांब आहेत. काचेवर ते अंतर पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पेन्सिलीच्या टोकानं दोन टिंबं जवळजवळ काढा, साधारण तेवढं.

पण ही जोडी इथे कुणी शोधली नाही. ती आधीपासून ठाऊक होती. त्या दोघांपैकी जो फिका, तो स्वतःच दोन आहे, हेही ठाऊक होतं. ते कळलं आपल्या पुण्यात, १८४७ मध्ये. चला.

पुण्यातली उन्हाळ्याची रात्र. पेशवाई जाऊन २९ वर्षं झालीत आणि शनिवारवाड्याला आग लागून १९. पुढच्या वर्षी भिडे वाड्यात जोतीराव फुले मुलींची शाळा काढतील. रस्त्यावर दिवे नाहीतच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे पुण्याचं आकाश तुमच्या चकलांब्याइतकंच काळं आहे.

दुर्बिणीशी बसलेला माणूस ३३ वर्षांचा आहे. विल्यम स्टीफन जेकब, सॉमरसेटमधल्या एका पाद्र्याचा सहावा मुलगा. सिंधमध्ये ज्याच्या नावानं जेकबाबाद वसलं तो जॉन जेकब याचा धाकटा भाऊ. विल्यम १८३१ मध्ये कंपनीच्या मुंबई इंजिनिअर पलटणीत आला, मोजणीची कामं केली आणि १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. कॅप्टनपद मिळालं आणि त्यानं लष्कर सोडलं. का सोडलं ते आता समोरच दिसतंय.

दुर्बीण डॉलंडची, पाच फुटी. नळीच्या टोकाशी एक पितळी यंत्र बसवलेलं आहे, सूक्ष्ममापक. तो बाजूला होतो आणि तुम्हाला डोळा लावू देतो. मंद दिव्याच्या उजेडात दोन काळे धागे दिसतात. कोळ्याच्या जाळ्यातला धागा ताणून बसवलेला असतो. एवढा बारीक, एवढा एकसारखा धागा तयार करणं तेव्हा माणसाला फार अवघड होतं. धाग्यांमागे तारे थरथरतायत. थांबा. हवा कधी स्थिर होते याची वाट बघावी लागते आणि ती स्थिर झाली तरी दोन-तीन श्वासांपुरतीच होते.

झाली. आता बघा. चमकदार तारा एका बाजूला. त्याच्यापासून दूर, फिका साथीदार. आणि तो साथीदार लांबट दिसतो, मग मधेच त्याच्या कमरेला चीर पडते. दोन! अंतर आजच्या मापानं सव्वादोन-अडीच विकला. साधारण २५ मिलिमीटरचं नाणं दोन किलोमीटर लांबच्या बांधावर ठेवलं तर इथून जेवढं दिसेल, तेवढं. तीन तारे झाले.

जेकब मापकाची चकती फिरवतो. एक धागा दोन्ही ताऱ्यांवरून जाईल असा आणतो आणि चकतीवरचे अंश वाचतो. उत्तरेकडून पूर्वेच्या बाजूनं मोजायचा हा कोन. मग धागे काटकोनात वळवतो. एक धागा एका ताऱ्यावर, दुसरा धागा स्क्रू फिरवून दुसऱ्या ताऱ्यावर, आणि स्क्रूच्या ढोलावरचे भाग वाचतो. ते झालं अंतर. परत सगळं मोडतो आणि परत पहिल्यापासून मोजतो, कारण पहिल्या मापावर त्याचाच विश्वास नाही. मग वहीत तारीख, कोन, अंतर. पुढचा तारा.

तुम्हाला वाटेल, एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर तेव्हा जेमतेम चव्वेचाळीस वर्षांचं होतं. विल्यम हर्शेलनं १७८२ मध्ये २६९ जोड्यांची पहिली यादी काढली तेव्हा त्याचा बेत वेगळाच होता. एक तारा जवळचा, एक लांबचा, योगायोगानं एका रेषेत आलेले, त्यांच्या आधारानं अंतर काढू, असा. वीस वर्षं मोजत राहिल्यावर १८०३ मध्ये त्याला सांगावं लागलं की काही जोड्या योगायोगाच्या नाहीत. ते तारे खरोखर एकमेकांभोवती फिरतात. सफरचंद पाडणारं गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालतं, याची ती पहिली डोळ्यांनी पाहिलेली साक्ष. जोडी एक फेरी किती काळात मारते आणि तिच्या कक्षेचा आकार केवढा, हे समजलं की ताऱ्यांचं वजन काढता येतं. एकट्या ताऱ्याला तराजू लावायला जागाच नसते.

आता पुणंच का, तेही बघा. १८२७ मध्ये स्ट्रूव्हनं ३,११२ जोड्यांची सूची दिली, पण तो होता डोर्पाटला, ५८ अक्षांशावर. तिथून हा विंचवातला तारा जास्तीत जास्त १२ अंश वर येतो. क्षितिजालगतच्या दाट, लटपटत्या हवेत अडीच विकलांची चीर दिसायची कशी? पुण्यात तोच तारा ५२ अंशांवर चढतो. जॉन हर्शेल दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला चार वर्षं राहून गेला होता, तो १८३८ मध्येच परतला. जेकबला आपल्या जागेचं मोल नेमकं कळलेलं होतं. १८४८ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला पुण्यातून मोजलेल्या २४४ जोडताऱ्यांची सूची सादर केली. पुण्याच्या नावावर किती गोष्टी आपण अभिमानानं सांगतो, पण ही २४४ ओळींची सूची त्यांत मी कधी ऐकलेली नाही.

त्याच साली तो मद्रासच्या वेधशाळेचा संचालक होऊन गेला. तिथे १८५५ मध्ये त्यानं भुजंगधारीतल्या ‘७०’ क्रमांकाच्या जोडीबद्दल एक मोठी गोष्ट मांडली. ही जोडी सुमारे ८८ वर्षांत एक फेरी मारते. तिच्या मापांचा आणि गणिताचा मेळ बसत नव्हता, म्हणून तिथे न दिसणारा एक ग्रह असावा, असं त्याचं म्हणणं. ते खरं ठरलं नाही. पण दुसऱ्या सूर्याभोवतीचा ग्रह त्या सूर्याच्या डगमगण्यावरून ओळखायचा, ही कल्पना कोळ्याच्या धाग्यावर भरवसा ठेवून १८५५ मध्ये मद्रासहून मांडली गेली. मला ती चूक फार मोलाची वाटते.

पुढचं दृश्य मी टाळलं असतं तर बरं झालं असतं. ऑगस्ट १८६२. पुण्याजवळ उंच डोंगरावर वेधशाळा काढायचा जेकबचा बेत मंजूर झालाय, पार्लमेंटनं १,००० पौंड दिलेत, स्वतः घेतलेली ९ इंची दुर्बीण येणार आहे. ८ ऑगस्टला तो मुंबईच्या धक्क्यावर उतरतो. बोरघाटातली रेल्वे अजून पुरी व्हायचीय. तुम्ही त्याच्याबरोबर पावसातून घाट चढता. ढग इतके की एकही तारा नाही. १६ ऑगस्टला पुण्यात तो वारतो. वय ४८. आठ दिवसांत त्याला आकाश दिसलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ऑगस्टमधलं पुणं माहीत असणाऱ्याला उत्तर सांगायला नको.

त्याची तिसरी चांदणी राहिली, आणि तिला भावंडंही मिळाली. १८७४ मध्ये बर्नहॅम नावाच्या, शिकागोत कोर्टाची टिपणं घेऊन पोट भरणाऱ्या माणसानं घरच्या सहा इंची दुर्बिणीतून न्यूचा चमकदार घटकही दुभंगलेला पाहिला. चार झाले. यानंच पुढे १९०६ मध्ये १३,६६५ जोड्यांची सर्वसाधारण सूची काढली. वर्णपटावरून आणखी घटक कळत गेले आणि आज न्यू सात ताऱ्यांचं कुटुंब मानलं जातं. सूचीतली एकेक ओळ अशी वाढत गेली.

आणखी एक उडी मारता? लांबची आहे. डिसेंबर १६८९, पुदुच्चेरी. संभाजी महाराजांना जाऊन वर्षही झालेलं नाही, रायगड पडलाय आणि राजाराम महाराज वेष बदलत, जीव वाचवत नुकतेच जिंजीला पोचलेत. तिथून पाऊणशेएक किलोमीटरवर, समुद्रकाठी, रिशो नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री पहाटे धूमकेतू बघतोय. धूमकेतू बघता बघता दुर्बीण नरतुरंगातल्या ठळक ताऱ्यावर येते आणि तो तारा दोन होतो. त्या ताऱ्याला आपण मित्र म्हणतो, सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी. तो जोडतारा आहे हे पहिल्यांदा कळलं ते आपल्या देशाच्या किनाऱ्यावर. जिंजीच्या किल्ल्यावर जागणाऱ्या मावळ्यालाही तो धूमकेतू दिसला असणार आणि खालचा मित्रही. दोन वेगळ्या काळज्या घेऊन, एकाच आकाशाखाली, दोन माणसं जागी होती.

आता परत या. चकलांबा, मे, गच्ची. स्लॅब आता जरा निवलाय. दक्षिणेला, जरा पश्चिमेकडे कलून, बाभळींच्या शेंड्यांना लागून, क्षितिजापासून आठेक अंश वर मित्र अजून दिसतो, जरा लालसर, धुळीतून आल्यासारखा. वायव्येला सप्तर्षी कलंडलेत. आणि विंचू बरोबर समोर आहे.

कठड्यापाशी पावलं वाजतात. शेजारच्या गच्चीवरून एक म्हातारे गृहस्थ कठडा ओलांडून आलेत.

“झोप नाही का पाव्हणं? काय बघायलाव एवढं?”

तुम्ही सांगता. ते ऐकतात, मग सप्तर्षींकडे हात करून म्हणतात, “आमच्यात ती म्हातारीची बाज. चार पाय बाजेचे, तीन चोर मागं. मधल्या चोराजवळ एक बारीक हाये. लग्नात नवरा-नवरीला दाखवत्यात.”

तो मधला चोर म्हणजे वसिष्ठ, बारीक ती अरुंधती. दुर्बिणीतून तो वसिष्ठ स्वतःच दोन दिसतो. १६१७ मध्ये गॅलिलिओचा शिष्य कास्तेली यानं गुरूला कळवलेली ही दुर्बिणीतली पहिली जोडी. ते तुम्ही त्यांना नंतर दाखवाल. आधी तिवई अनुराधेच्या डावीकडे वळवता, तारा मध्ये आणता आणि बाजूला होता.

ते एक डोळा हातानं झाकतात. वाकल्यावर गुडघ्याला हात लावून तोल धरतात. श्वास सोडतात. तारा क्षेत्राबाहेर सरकतो, तुम्ही परत आणून देता. दुसऱ्यांदा ते बराच वेळ हलत नाहीत.

“हां. एक मोठा हाये. आन् त्याच्या आंगाला बारीक.” थोडं थांबून, “म्हंजी दोन हायेत की.”

बाकीचे या भिंगाच्या आवाक्यात नाहीत. तुम्ही मोबाईलच्या उजेडावर रुमाल टाकता आणि वही उघडता. तारीख. रात्रीचे १२ वाजून ४० मिनिटं. आकाश स्वच्छ, हवा स्थिर. गाव चकलांबा, तालुका गेवराई. भिंग ६० मिलिमीटर. तारा १६१२०-१९२८. दोन दिसले.

पुढे पाहणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तुम्ही पेन्सिल त्यांच्याकडे देता.